कोच बदलला की मुलींच्या टीमची गर्दी का ओसरते? सांगलीची स्मृती, साताऱ्याची 'रयत' आणि अमेरिकेतलं टेनेसी

२ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं आणि पहिल्यांदा वर्ल्डकप उचलला. सांगलीची स्मृती मानधना त्या टीमची व्हाइस कॅप्टन, आणि कोच होते अमोल मुझुमदार. भारताकडून एकही मॅच खेळायला न मिळालेला हा माणूस रात्रीत सगळ्यांच्या स्टेटसवर आला.

आता जरा मागे जाऊ. २०१७ च्या वर्ल्डकपच्या तोंडावर पूर्णिमा राव यांना बाजूला करून तुषार अरोठे यांना आणलं. २०१८ मध्ये अरोठे गेले, रमेश पोवार आले. त्याच वर्षाच्या शेवटी पोवार गेले, डब्ल्यू. व्ही. रामन आले. मे २०२१ मध्ये रामन गेले, पुन्हा पोवार. डिसेंबर २०२२ मध्ये पोवारांना बंगळुरूच्या राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत पाठवलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदार आले. साडेसहा वर्षांत पाच वेळा खुर्ची बदलली. कुठल्याही टीमचे चाहते कंटाळून निघून जावेत, अशी ही यादी आहे.

पण झालं उलटंच, गर्दी वाढत गेली.

मग कॉलेजच्या मैदानावर असं का होत नाही? तिथे एक सर किंवा एक मॅडम गेल्या की पुढच्या सीझनला मुलींच्या बास्केटबॉलच्या मॅचला पायऱ्या रिकाम्या दिसतात. सातारा-सांगलीच नाही, अमेरिकेतल्या बलाढ्य विद्यापीठांतही हे घडलंय. म्हणून आधी तिकडचं बघू.

टेनेसीत काय झालं?

१९७४ मध्ये टेनेसी विद्यापीठाने मुलींच्या बास्केटबॉल टीमची जबाबदारी पॅट समिट नावाच्या २२ वर्षांच्या मुलीकडे दिली. पगार महिन्याला अडीचशे डॉलर. टीमचे कपडे त्या स्वतः धुवायच्या, व्हॅन स्वतः चालवायच्या. बाहेरगावच्या मॅचला जाऊन समोरच्या टीमच्या जिममध्ये सतरंज्या टाकून झोपायची वेळही आलेली. पुढच्या ३८ वर्षांत त्यांनी १,०९८ मॅच जिंकल्या आणि ८ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ऐन भरात एका मॅचला सरासरी १६ हजारांवर प्रेक्षक यायचे. मुलींची टीम, तीही कॉलेजची, हे लक्षात घ्या.

ऑगस्ट २०११ मध्ये समिट यांनी आपल्याला कमी वयातला अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं. २०१२ ला त्या पायउतार झाल्या. जागेवर आल्या हॉली वॉर्लिक. या समिट यांच्याच हाताखाली खेळलेल्या, २७ वर्षं त्यांच्या असिस्टंट राहिलेल्या. यापेक्षा घरचा माणूस कुठला मिळणार? वॉर्लिक वाईट कोच नव्हत्या. तीन वेळा त्यांनी टीमला शेवटच्या आठांत नेलं. तरीही गर्दी घटत गेली आणि नंतरच्या काही सीझनमध्ये सरासरी दहा हजारांच्या खाली आली. २०१९ मध्ये त्यांना काढलं. त्यांच्यानंतर केली हार्पर आल्या, त्याही समिट यांच्याच टीममध्ये खेळलेल्या. २०२४ मध्ये त्यांनाही काढून किम काल्डवेल यांना आणलं, आणि या वेळी पहिल्यांदा समिट यांच्या घराबाहेरचं माणूस आलं.

लोक म्हणतात, टीम हरायला लागली म्हणून प्रेक्षक गेले. अर्धं खरं आहे. २००८ नंतर टीम शेवटच्या चारांत गेलेली नाही. पण २००९ ते २०१२ ही वर्षं समिट यांच्याच काळातली. तेव्हाही विजेतेपद येत नव्हतं, तरी लोक येत होते. कारण ते निकाल बघायला नाही, त्यांना बघायला येत होते. टीमला वेगळा चेहरा नव्हताच, तो कोचचा चेहरा होता.

याच्या उलट आयोवा. २०२४ ची फायनल हरल्यावर तिथली स्टार कॅटलिन क्लार्क प्रो लीगमध्ये गेली. काही आठवड्यांत २४ सीझन टीम सांभाळलेल्या लिसा ब्लूडर रिटायर झाल्या. स्टार गेली, कोच गेली, आता सगळं बसणार असं वाटत होतं. पण पुढच्या सीझनचे पासही संपले. तिथेही जागेवर आली ती असिस्टंटच, जॅन जेन्सन. म्हणजे 'घरचा माणूस आणा' हा उपाय एका ठिकाणी चालला आणि एका ठिकाणी नाही. माझ्या मते फरक असा की, आयोवाच्या चाहत्यांना त्या काही वर्षांत मुलींची मॅच बघायची सवय लागली होती. २०२४ ची ती फायनल अमेरिकेत १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी बघितली, पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त. सवय एका माणसावर टांगलेली नसते.

मग आपल्या क्रिकेट टीमचं कसं टिकलं?

२०१८ चा वाद आठवतोय? टी-ट्वेंटी वर्ल्डकपच्या सेमीफायनलला मिताली राजला बाहेर बसवलं, भारत इंग्लंडकडून हरला आणि मिताली विरुद्ध पोवार असा उघड सामना सुरू झाला. पोवारांना ठेवा असं पत्र बोर्डाला लिहिणाऱ्या दोघी होत्या, हरमनप्रीत कौर आणि आपली स्मृती. त्यांचं ऐकलं गेलं नाही. सोशल मीडियावर दोन तट पडले, ही टीम संपली असंही लिहून झालं.

पण सव्वा वर्षात, ८ मार्च २०२० ला, मेलबर्नच्या मैदानावर याच टीमची फायनल बघायला ८६,१७४ लोक होते. भारत ८५ धावांनी हरला तो भाग वेगळा. त्यानंतर तब्बल एक वर्ष भारतीय महिला एकही आंतरराष्ट्रीय मॅच खेळल्या नाहीत. कोविड होताच, पण पुरुषांचं क्रिकेट त्याआधी सुरू झालं होतं. चाहते तोडायचे असतील तर कोच बदलण्यापेक्षा हा उपाय जास्त जालीम आहे: मॅचच ठेवू नका.

महिला कबड्डीचं नेमकं हेच झालं. २०१६ मध्ये प्रो कबड्डीबरोबर तीन टीमची महिला स्पर्धा झाली, टीव्हीवर दिसली, लोकांनी बघितली. पुढच्या वर्षी ती नव्हतीच. सांगली-साताऱ्यात कबड्डी कळणाऱ्यांची कमतरता आहे का? बघायला काही ठेवलंच नाही.

क्रिकेटमध्ये २०२३ ला महिला प्रीमियर लीग आली, पहिल्या सीझनला बायका-मुलींना स्टेडियममध्ये फुकट प्रवेश दिला, दरवर्षी ठरलेल्या मोसमात मॅच दिसू लागल्या. कोच कोण, हा प्रश्न चाहत्यासाठी तिसऱ्या-चौथ्या नंबरवर गेला.

कॉलेजमध्ये कोच म्हणजे नक्की कोण?

इथे आपली गोष्ट अमेरिकेपासून पूर्ण वेगळी होते. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात येतात. इथल्या कॉलेजात पगारी बास्केटबॉल कोच हा प्रकार जवळपास नसतो. असतो तो शारीरिक शिक्षण संचालक, आपल्या भाषेत 'स्पोर्टचे सर'. तेच बास्केटबॉल बघतात, खो-खो बघतात, परीक्षेची ड्युटी करतात आणि 'नॅक'ची फाइलही भरतात. अनुदानित कॉलेजांत हे पद रिकामं पडलं की ते भरायला वर्षं लागतात. तोवर दुसऱ्याच विषयाच्या प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार.

त्यात साताऱ्याची खास गोष्ट म्हणजे रयत शिक्षण संस्था. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सुरू केलेली ही संस्था अनेक जिल्ह्यांत पसरली आहे आणि तिच्यात बदल्या ही नेहमीची बाब आहे. खेड्यातल्या कॉलेजलाही चांगला शिक्षक मिळावा, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. पण इतिहास शिकवणाऱ्या सरांची बदली झाली तर अभ्यासक्रम तोच राहतो. स्पोर्टच्या सरांची झाली तर त्यांच्या फोनमधलं सगळंच जातं.

कारण गर्दी तेच गोळा करत असतात. जुन्या खेळाडूंच्या ग्रुपवर मेसेज टाकणं, दुसऱ्या कॉलेजच्या सरांना फोन करून मॅच ठरवणं, प्राचार्यांना मैदानावर आणून बसवणं, पेपरवाल्याला फोटो पाठवणं. हे कुठल्याच नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं, त्यामुळे पुढचा माणूस ते करत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही.

दुसरं नुकसान पायऱ्यांवर नाही, कोर्टवर होतं. मुलीला बाहेरगावी स्पर्धेला पाठवताना घरचे विद्यापीठाचं नाव बघत नाहीत, 'सोबत कोण आहे' ते विचारतात. ती खात्री एका माणसाची असते. ओळखीच्या मॅडम गेल्या की 'आता अभ्यासाकडे बघ' हे वाक्य येतं. आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते ठरावीक स्तरावरच्या कामगिरीवर मिळतं. मधली दोन वर्षं गेली तर ते दार बंद होतं.

कोचवर केवढा विश्वास असतो, हे साताऱ्यानेच दाखवलंय. प्रवीण सावंत यांच्याकडे शिकता यावं म्हणून अदिती स्वामीचं कुटुंब गाव सोडून साताऱ्यात आलं, आणि नागपूरचा ओजस देवतळेही इथेच आला. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला दोघं एकाच दिवशी तिरंदाजीचे वर्ल्ड चॅम्पियन झाले.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. 'लोक नाराज होतील' हे कोच न बदलण्याचं कारण होऊ शकत नाही. कोचविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती अंतर्गत तक्रार समितीकडे गेली पाहिजे, गर्दी किती जमते हा मुद्दा तिथे येताच कामा नये. कधीकधी रिकाम्या पायऱ्या ही योग्य निर्णयाची किंमत असते.

कॉलेजला काय करता येईल?

फार पैसे लागत नाहीत. जाणाऱ्या सरांकडून चार्ज घेताना आपण बॉल, जाळ्या आणि डेडस्टॉक रजिस्टर मोजून घेतो. त्याच दिवशी माजी खेळाडूंचे नंबर, ठरलेल्या मॅचच्या तारखा आणि प्रत्येक मुलीच्या घरी एक फोन, एवढंही हातात घेता येतं. शक्य असेल तर बदली सीझन संपल्यावर करावी, ऐन विभागीय स्पर्धांच्या आधी नको. आणि वर्षातून एक तरी मॅच दरवर्षी त्याच तारखेला, त्याच मैदानावर, संध्याकाळी तास संपल्यावर ठेवावी. सकाळी साडेनऊला मॅच ठेवून 'मुलींच्या खेळाला कोणी येत नाही' म्हणायचं, हे आता पुरे. त्या वेळी वर्गात हजेरी चालू असते.