तो हट्ट नव्हता, पोट दुखत होतं

आज पाककृती नाही. आज मला थोडं भांडायचं आहे.

माझ्या जावेचा मुलगा सात वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे, तो बोलत नाही. मागच्या पावसाळ्यात तो रात्री उठून रडायला लागला. सोफ्याच्या हातावर पोट दाबून पडून राहायचा, जवळ गेलं की चावायचा. चड्डीला सारखे पातळ डाग. डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी पोटाला हातही न लावता सांगितलं, "ऑटिझममध्ये असं चालायचंच." घरातले मोठे म्हणाले, "लाड कमी करा." मग कुणीतरी एका आहारवाल्यांचा पत्ता दिला. त्यांनी गहू बंद केला, दूध बंद केलं आणि पावडरींच्या डब्यांचं बिल हातात ठेवलं. मुलगा खाणार चारच पदार्थ: पोळी, दूध, दहीभात आणि केळं. त्यातलं केळं तेवढं उरलं. दोन महिन्यांत पोर दोन किलोंनी उतरलं.

शेवटी एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी त्याला आडवं करून शांतपणे पोट चाचपलं. आत घट्ट शी साठली होती. ते डाग जुलाबाचे नव्हतेच; अडकलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपत होती. शी रोखून धरली की आतडं ताणतं, मग लागल्याची जाणीवच कमी होते, खडा आणखी मोठा होतो. शी मऊ करणारं औषध सुरू झालं आणि काही आठवड्यांत चावणं थांबलं. जाऊ मला म्हणाली, "इतके महिने त्याचं पोट दुखत होतं, आणि मी त्याला रागवत होते." हे वाक्य मला झोपू देत नाही.

म्हणून माझं पहिलं भांडण "असं चालायचंच" म्हणणाऱ्यांशी. 2010 सालीच 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी एकमताने लिहिलं, की अशा मुलांच्या पोटाची तक्रार इतर मुलांइतकीच नीट तपासली पाहिजे, आणि वागण्यातला बदल हीच दुखण्याची एकमेव खूण असू शकते. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात या मुलांमध्ये पोटाच्या तक्रारी इतर मुलांच्या चौपटीहून अधिक आढळल्या. मग पोट तपासायला काय हरकत?

दुसरं भांडण पोटातून ऑटिझम बरा करून देतो म्हणणाऱ्यांशी. 1998 साली अँड्र्यू वेकफिल्ड यांनी 12 मुलांवरच्या लेखातून आतडं, ऑटिझम आणि गोवराची लस यांची सांगड घातली. 'लॅन्सेट'ने तो लेख 2010 मध्ये मागे घेतला, त्यांचं वैद्यकीय नावही पटावरून गेलं. मधल्या काळात किती आयांनी लस टाळली! सिक्रेटिन नावाच्या इंजेक्शनचाही असाच गाजावाजा झाला. 1999 मध्ये नीट चाचणी घेतली, तर औषध नसलेल्या इंजेक्शनहून ते सरस ठरलं नाही. गहू-दूध बंद केल्याने ऑटिझम कमी होतो, याचाही भरवशाचा पुरावा नाही. सिलिॲक किंवा दुधाची ॲलर्जी निघाली तर पथ्य जरूर पाळा. पण सिलिॲकच्या तपासणीआधीच गहू सोडला, तर रोग असूनही तपासणी चुकीने स्वच्छ येऊ शकते. आणि आपल्या घरांत अंडं नाही, मांस नाही. बी-12 येतं ते मुख्यतः दुधातून. तेही काढलं तर मुलाला काय उरतं?

तिसरं भांडण आपल्याशीच. आपल्याकडे त्यागाला मान आहे, म्हणून ताटातून काही काढलं की आपल्याला बरं वाटतं. पण पच्चक्खाण ज्याचं त्याने, समजून घ्यायचं असतं. ज्याला "नको" म्हणता येत नाही त्याच्या ताटातलं काढणं हे तप नव्हे. आपण न दिसणाऱ्या जीवांसाठी पाणी गाळतो, आणि घरातल्या जीवाला होणारी वेदना आपल्याला 'हट्ट' दिसते.

तेव्हा एवढं करा. शी कधी झाली, कशी झाली, किती जोर लावावा लागला, हे कॅलेंडरवर रोज लिहा. मूल पोट दाबतं, पाठ ताणतं, एकाएकी स्वतःला मारतं, रात्री उठतं, तेही लिहा. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा आणि "आधी पोट तपासा" असं स्पष्ट सांगा. शीतून रक्त, वारंवार उलट्या किंवा वजन उतरणं दिसलं, तर थांबू नका. जेवणानंतर पायाखाली पाट ठेवून मुलाला दहा मिनिटं शीला बसवा. औषध डॉक्टरांना न विचारता मधेच बंद करू नका. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात.

आमचा मुलगा अजूनही बोलत नाही, ऑटिझम आहे तसाच आहे. पण आता तो रात्रभर झोपतो, आणि सकाळी स्वतःहून दुधाचा पेला पुढे करतो.