पोट फुगते, भूक मंदावते : नेहमी ‘गॅस’च नसतो



पोट फुगले, दोन घासांत भरल्यासारखे वाटले, की आपल्या घरी उत्तर ठरलेले असते : “गॅस झाला असेल, ओवा चाव.” बहुतेक वेळा ते खरेही निघते. पण अंडाशयाचा कर्करोग येतो तो याच वेशात. म्हणून या महिन्यात त्या आजाराविषयी, आणि आपल्या जेवणाचा त्याच्याशी किती संबंध आहे याविषयी.

अंडाशये दोन, बदामाएवढी, ओटीपोटात खोलवर. तिथली गाठ हाताला लागत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. 2022 सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे 47 हजार स्त्रियांना हा आजार झाला आणि सुमारे 33 हजार स्त्रिया त्याने दगावल्या. निदान उशिरा होते, हे याचे मोठे कारण.

जेवणाबद्दल एक उपयोगी अभ्यास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांवर झाला आहे. त्यांच्यात हा आजार गोऱ्या स्त्रियांपेक्षा कमी आढळतो, पण झाला तर वाचणाऱ्यांचे प्रमाणही कमी. आधीचे बरेचसे संशोधन गोऱ्या स्त्रियांवर झाले होते, म्हणून हा वेगळा अभ्यास हाती घेतला गेला. 2017 साली त्याचे आहाराविषयीचे निष्कर्ष आले. 415 आजारी आणि 629 निरोगी स्त्रियांच्या खाण्याची तुलना केली, तेव्हा ज्यांचा आहार सर्वांत चांगला होता त्यांच्यात धोका सर्वांत निकृष्ट आहार असलेल्यांपेक्षा सुमारे 34 टक्के कमी दिसला. चांगला आहार म्हणजे भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे जास्त. गोड पेये, लाल मांस, मीठ आणि वनस्पती तुपासारखी चरबी कमी.

मात्र अशा अभ्यासात आजारी स्त्रीला मागचे खाणे आठवून सांगावे लागते. त्यामुळे त्यातून संबंध दिसतो, पण आहारानेच आजार टळतो असे सिद्ध होत नाही. एखादी भाजी खाल्ली की हा कर्करोग होत नाही, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. वाढलेल्या वजनाबाबतचा पुरावा त्याहून अधिक भक्कम आहे.

आता पालीच्या चुलीकडे या. चांगल्या आहाराची ही यादी आपल्याला परकी नाही. भात निघाल्यावर त्याच ओलीवर येणारे वाल, परसातले अळू आणि शेवग्याचा पाला, नाचणीची भाकरी, बांगडा आणि तारली हे सगळे तिच्यात बसते. थंडीतली पोपटी घ्या. वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजतात, तेलाचा थेंबही लागत नाही. बिघडते ते दुसरीकडे : दिवसभराच्या चार गोड चहांत, बाटलीतल्या थंड पेयांत, रमजानमध्ये रोज तळणाने भरणाऱ्या इफ्तारच्या ताटात. ईदला मटण जरूर खा, रोजचा नेम नको. इफ्तारला खजूर आणि फळे पुढे, भजी-समोसे आठवड्यातून एखाद-दोनदा.

आणखी एक गोष्ट. घरातली बाई सर्वांत शेवटी जेवते. तोवर बांगड्याचा तुकडा मुलांच्या पानात गेलेला असतो, भाजी संपलेली असते, उरतो भात आणि कालवणाचा रस. दस्तरखानावर सगळ्यांनी एकत्र बसावे आणि अम्मीचा वाटा आधी काढावा. आहार सुधारायचा तर इथून सुरुवात करा.

पण कोणी आजारी पडली तर “तुझ्या खाण्यामुळेच झाले” असे चुकूनही म्हणू नका. वय, घराण्यातून आलेला दोष अशा कितीतरी गोष्टी तिच्या हातात नसतात. आई, बहीण, मावशी, आत्या यांपैकी कोणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. वडिलांकडचे नातेही तितकेच महत्त्वाचे. बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांनी हा धोका काहीसा कमी होतो.

मग दरवर्षी तपासणी करावी का? ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर हे करून पाहिले. 2021 मध्ये निष्कर्ष आला, की त्रास नसताना नियमित रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून आपली मदार लक्षणे ओळखण्यावर आहे. ती अशी : पोट फुगणे किंवा त्याचा घेर वाढणे, पोटात वा ओटीपोटात दुखणे, लवकर पोट भरणे, वारंवार किंवा घाईची लघवी. यातले काही वर्षभरात नव्याने सुरू झाले असेल आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर ओवा पुरे झाला. डॉक्टरांकडे जा आणि “सोनोग्राफी करायची का?” असे स्वतःहून विचारा. पाळी गेल्यावर रक्त दिसले तर एक दिवसही थांबू नका.

पाळी बंद झाली की त्या भागाची काळजी संपली, असे पुष्कळ जणी समजतात. उलट हा आजार त्याच वयात अधिक होतो. शरम वाटत असेल तर महिला डॉक्टर मागा, सोबत मुलीला किंवा जावेला न्या. पोटावरून होणाऱ्या सोनोग्राफीत आतून तपासणी नसते.

सोनोग्राफीसाठी पालीहून रोहा, खोपोली वा पनवेल गाठावे लागले, तर तो एक दिवस द्या. गाठ निघालीच, तर टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांना मदत मिळते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

आज रात्री जेवताना घरातल्या मोठ्या बायकांना एवढेच विचारा : “पोट फुगते का? किती दिवस झाले?” त्या आपणहून सांगणार नाहीत.