हळदीकुंकवाची यादी करताना

संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं की आपण वही-पेन्सिल घेऊन यादी करायला बसतो. समोरच्या काकू, मागच्या आळीतल्या वहिनी, मुलांच्या शाळेतल्या बाई. सांगली-मिरजेकडे जैन, लिंगायत, मराठा, दलित, मुसलमान, ख्रिस्ती अशी सगळीच घरं हाकेच्या अंतरावर असतात. यादीत त्यांतल्या किती जणी येतात, ते एकदा पाहा बरं.

या बाबतीत पुरुषमंडळींची मंडळं आपल्यापुढे गेली आहेत! वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत १९८० साली गणेशोत्सवात जोराचा पाऊस झाला. तेव्हा गावातल्या मुसलमानांनीच गणपती मशिदीत आणा म्हणून सांगितलं. तेव्हापासून न्यू गणेश तरुण मंडळाचा गणपती मशिदीत बसू लागला. पूजेची तयारी, प्रसाद, सगळ्याला दोन्ही समाजांची माणसं असतात. बकरीद त्याच दिवसांत आली तेव्हा मुसलमानांनी नुसता नमाज पढून सण केला, कुर्बानी केली नाही. कडेगावला मोहरमचे गगनचुंबी ताबूत निघतात, त्यांतलेही कित्येक हिंदूंचे असतात.

तरी उत्सवात एकत्र येणं वेगळं आणि रोज एका पंक्तीला जेवणं वेगळं. ते साताऱ्यात एका बाईनं करून दाखवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली तिथे वसतिगृह काढलं. १९२७ साली गांधीजींनी त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यांची आई झाल्या त्या भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई, जैन घराण्यातल्या. त्या काळात सोवळं-ओवळं किती कडक होतं, हे आपल्या आज्यांकडून आपण ऐकलंच आहे. मुलांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने काढून दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० साली त्या गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, एवढी मोठी गोष्ट आमच्या हळदीकुंकवाशी कशाला जोडता? सांगते. २००९ साली मिरजेत गणेशोत्सवातल्या एका कमानीवरून दंगल झाली आणि ती सांगली-कोल्हापूरपर्यंत पसरली. २०२३ साली सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला मोबाईलवरच्या मजकुरावरून दंगल पेटली, एक तरुण जिवानिशी गेला. असलं काही मोबाईलवर आलं की मुलं तेच खरं धरतात. अशा वेळी “काय गं, खरं काय झालं तुमच्याकडे?” असं पलीकडच्या गल्लीत फोन करून विचारता येईल, अशी एक तरी मैत्रीण हवी. ती दंगलीच्या दिवशी कुठून आणणार? ओळख आधीची लागते.

म्हणून यंदा यादीत दोन-तीन नवी नावं घालाच. निरोप मुलाबरोबर पाठवू नका, पहिल्यांदा स्वतः जा. कुंकू चालेल का, हे आधी मोकळेपणानं विचारावं. चालत नसेल तर तिळगूळ, फूल आणि अत्तराचं बोट पुरे. तोंड वाकडं करू नये. (सासूबाई करतील, त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.) रमजान चालू असेल तर दिवसा खाण्याचा आग्रह नको, रोजा सोडल्यावर बोलवा. जैन मैत्रिणीसाठी मात्र वेळ सूर्यास्ताआधीची ठेवा आणि तिच्या खाण्यात कांदा-लसूण नको. दोघींना एकच वेळ जमणार नाही, तेव्हा दोन दिवस करा. खर्च तेवढाच, फक्त चहा दोनदा टाकावा लागेल.

आणि ईदला शिरखुर्म्याचा डबा आला तर शंका काढत बसू नका; दूध, शेवया, खारीक, चारोळी, तूप, एवढंच असतं त्यात. डबा घासून रिकामा परत करू नये, हे तर तुम्हांला माहीतच आहे. दिवाळीची वाट न पाहता दोन बेसनाचे लाडू घालून चार दिवसांत पोचवा.