ग्रिडची खबर फीडरपर्यंत यावी

9 फेब्रुवारी 2022च्या पहाटे पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मोठ्या भागाची वीज गेली. दाट धुके व दवामुळे महापारेषणच्या लोणीकंद आणि चाकण येथील 400 केव्ही वाहिन्यांवर पाच ठिकाणी ट्रिपिंग झाले होते. धोका दिसताच यंत्रणा वाहिनी तोडते, आणि तेच योग्य. तक्रार त्यानंतरच्या मौनाची आहे.

वाहिनी तुटल्याचे राज्य भार प्रेषण केंद्राला काही सेकंदांत दिसते. फेझर मापन यंत्रे तर उपग्रहाच्या घड्याळाशी जुळवून सेकंदाला 25 ते 50 नोंदी देऊ शकतात. पण वाहिनी महापारेषणची, बिल महावितरणचे! 2005 मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या आणि दुरुस्तीचा अंदाज एकीकडे, ग्राहक दुसरीकडे राहिला.

भोसरीतल्या छोट्या युनिटमध्ये मोल्डिंग मशीनच्या बॅरलमधले प्लॅस्टिक थिजू लागते, तेव्हा मालकाला एवढेच हवे असते: अर्धा तास की चार तास? त्यावर भाड्याचा जनरेटर मागवायचा की कामगारांना घरी सोडायचे, हे ठरते. ग्रिडचा नकाशा गुप्त ठेवा, हरकत नाही. आपल्या फीडरची स्थिती आणि दर पंधरा मिनिटांनी सुधारलेला अंदाज मोबाइलवर देण्यात कसली आली गुप्तता?