घर घेतलें, आतां घराचें देणें

'घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून' ही म्हण आपल्याकडे लहान मुलांनाहि पाठ असते. म्हण करणारा अनुभवी खरा. पण त्यानें अर्धेंच सांगितलें, असें मला हल्लीं वाटूं लागलें आहे. लग्न करून भागत नाहीं, पुढें संसार करावा लागतो. तसेंच घर बांधून भागत नाहीं, तें राखावें लागतें. या राहिलेल्या अर्ध्या भागाविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे, असें एका प्रसंगानें मनांत आलें.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईस नोकरीला आहे. २०१३ सालीं मुंबईची उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊं लागली, तेव्हांपासून मुंबईच्या मंडळींना आमचा मुलूख जवळचा वाटूं लागला आहे. त्यानेंहि डहाणूस जागा पाहून घर बांधावयाचें ठरविलें, आणि एका रविवारीं तो पत्नीसह खर्चाची वही घेऊन माझ्याकडे तलासरीस आला. "गुरुजी, एकदां हिशेब तपासून द्या," म्हणाला. जन्मभर वह्या तपासण्यांत गेला. लाल पेन्सिल घेऊन बसलों. जागेचे बारा लक्ष, बांधकामाचे चोवीस लक्ष. फरशी, रंग, फाटक, कठड्यावरचीं सिमेंटचीं कमळें, फाटकाच्या खांबांवरचे दोन हत्ती, वास्तुशांतीच्या दिवशींचें जेवण, सर्व कलमें सुवाच्य अक्षरांत होतीं. बेरीज बिनचूक होती.

मीं म्हटलें, "बेरीज बरोबर आहे, उदाहरण अपुरें आहे."

"काय राहिलें, गुरुजी?" त्याच्या पत्नीनें विचारलें. तिला जें सांगितलें तेंच थोडें विस्तारानें येथें सांगतों.

'गृह' हा शब्द वैयाकरण 'ग्रह्' म्हणजे 'घेणें' या धातूपासून साधतात. आपण म्हणतों, मीं घर घेतलें. व्याकरण म्हणतें, घरच घेतें. ही व्युत्पत्ति मीं वर्षानुवर्षें शिकविली, पण तिचा अर्थ स्वतःचें घर झाल्यावर उमगला. घराचें हें घेणें नेमानें व थोडथोडें चुकविलें तर तें सुसह्य असतें. तें थकविलें, तर घर तें एकदम वसूल करतें.

पहिली गोष्ट कागदांची. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या ३६-अ कलमाप्रमाणें आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवांचून बिगर-आदिवासीस घेतां येत नाहीं. हा निर्बंध अडाणी माणसाच्या हातून त्याची भाकर जाऊं नये म्हणून आहे, व तो योग्यच आहे. एखादी जागा आश्चर्य वाटावें इतकी स्वस्त मिळूं लागली, तर आपलें नशीब उघडलें असें न समजतां सातबाराचा उतारा व जुने फेरफार काढून वकिलास दाखवावे. शिवाय डहाणू तालुका १९९१ सालच्या अधिसूचनेनें पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झालेला आहे. म्हणून बिनशेती व बांधकामाची परवानगी हातीं आल्याखेरीज विसाराचा पैसाहि देऊं नये. दस्त-नोंदणीची फी शेंकडा एक, परंतु जास्तींत जास्त तीस हजार रुपये, इतकी असते, मुद्रांक-शुल्क निराळें. राहण्याचें घर केवळ स्त्रीच्या नांवें घेतल्यास मुद्रांक-शुल्कांत शेंकडा एकाची सूट २०२१ पासून मिळते. हें सांगतांच त्या मुलीनें नवऱ्याकडे पाहिलें. त्यानेंहि समजुतीनें मान डोलाविली.

दुसरी गोष्ट भूमीची, आणि आमच्या भागांत हीच सर्वांत महत्त्वाची. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसूं लागले. एक मोठा धक्का आणि मागाहून किरकोळ, असा प्रकार नव्हता. लहानमोठे धक्के महिनोनमहिने येत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं चारांहून थोड्या अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशीं घराबाहेर पळण्याच्या गडबडींत पडून एक दोन वर्षांची मुलगी दगावली. थंडीच्या दिवसांत लोक तंबूंत निजले, शाळा उघड्यावर भरल्या.

याच काळांतली माझी स्वतःची चूक सांगतों. आमचें घर विटांचें व कौलारू आहे. स्वयंपाकघराच्या आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीला एक तिरकी चीर गेली होती. त्या वैशाखांत नातवाची मुंज होती व व्याही येणार होते. मीं गवंड्यास बोलावून चीर सिमेंटनें बुजविली, वर चुना दिला आणि निश्चिंत झालों. जुलैमध्यें एका रात्रीं मध्यरात्रीनंतर पुन्हा धक्का बसला. त्या रात्रीं धुंदलवाडीच्या बाजूस भिंत कोसळून एका माणसाचा झोपेंत मृत्यु झाला. आमच्या घरीं त्या त्रिकोणी भिंतीच्या पंधरावीस विटा खालीं आल्या. सौभाग्यवती रोज सकाळीं जेथें तांदूळ निवडावयास बसतात, बरोबर त्या पाटावर. दुसऱ्या दिवशीं तिनें तो पाट उचलून निराळ्या कोपऱ्यांत ठेवला. मला एका शब्दानें बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

भूकंप माणसास मारीत नाहीं, भिंत मारते. किल्लारीस ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो अनर्थ झाला, त्यांत मातींत रचलेल्या जाड दगडी भिंती व वर मातीचें जड धाबें हींच माणसांच्या अंगावर आलीं. उलट आमच्या पाड्यांवरचीं वारली लोकांचीं जुनीं घरें पहा. कारवीचा कूड, वर शेणमातीचा लेप. तें घर हलतें, लेप गळतो, पण अंगावर पडण्याजोगें त्यांत फार थोडें असतें. लग्नकार्य आलें कीं भिंत सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. म्हणजे डागडुजी ही त्यांच्याकडे कटकट नसून मंगलकार्याचाच भाग असते. आपण शिकलेल्यांनीं हें त्यांच्याकडून घेण्यासारखें आहे.

आपल्याला विटांचेंच घर बांधावयाचें असेल, तर त्याला कंबरपट्टे बांधावे. जोत्याच्या पातळीवर एक, दारें-खिडक्यांच्या डोक्यावर दुसरा व छपराखालीं तिसरा, असे सळ्या घातलेले काँक्रीटचे पट्टे सर्व भिंतींवरून अखंड फिरले पाहिजेत. छप्पर उतरतें असेल तर आढ्याखालच्या त्रिकोणी भिंतीलाहि वरून तिरका पट्टा हवा. कोपऱ्यांतून पायापासून छपरापर्यंत उभी सळई न्यावी. खांबांतल्या रिंगांचीं टोंकें काटकोनांत न सोडतां १३५ अंशांत आंत वळविलेलीं आहेत कीं नाहींत, तें काँक्रीट ओतण्यापूर्वीं स्वतः पहावें. मागून दिसत नाहीं. या साऱ्याला लागणारा पैसा कमळें व हत्ती यांच्यापेक्षां फार नसतो. फरक इतकाच कीं, हत्ती पाहुण्यांस दिसतात व पट्टे दिसत नाहींत. उलट उंचावरचें जड सामान, म्हणजे विटांचा उंच कठडा, गच्चीवर रचून ठेवलेल्या फरश्या, सुटी पाण्याची टांकी, तेवढें कमी करावें. कपाटें भिंतीस जखडावीं आणि निजण्याच्या जागेवर फळी ठेवूं नये.

तिसरी गोष्ट खाऱ्या हवेची. डहाणूच्या किनाऱ्यावर लोखंड उघडें राहिलें कीं गंजतें, हें सर्वांस ठाऊक आहे. पण काँक्रीटच्या पोटांतलेंहि गंजतें, हें ध्यानांत येत नाहीं. गंजलेल्या लोखंडाचें आकारमान मूळच्या दुपटीहून अधिक होतें. तें आंतून रेटा देतें व काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. म्हणून किनाऱ्याच्या उघड्या हवेंतील कामांत सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचें आवरण असावें, असें भारतीय मानक ४५६ सांगतें. सळईखालीं तेवढ्या जाडीचे ठोकळे ठेविले कीं हें सहज साधतें. समुद्राची रेती किंवा मचूळ विहिरीचें पाणी कामाला वापरूं देऊं नये. आणि मिश्र सिमेंटच्या कामावर निदान दहा दिवस पाणी मारलेंच पाहिजे. कंत्राटदार तिसऱ्या दिवशीं "झालें" म्हणेल. त्याला आपण मास्तरासारखे "अजून सात दिवस" म्हणावें.

चौथी गोष्ट वर्षाच्या नेमाची. पंचांगाला टांगून ठेवावें असें एक टिपण देतों.

चैत्र-वैशाखांत कौलांची शाकारणी करावी, पन्हळी झाडून घ्याव्या, गच्चीवर चार घागरी पाणी ओतून तें कोठें थांबतें तें पहावें. ज्येष्ठांत पाऊस लागल्यावर गवंडीहि मिळत नाहीं व ताडपत्रीहि.

पावसाळ्यांत दुरुस्ती होत नाहीं. पण परीक्षा होते. ओल कोठून उतरते तें त्या त्या दिवशीं वहींत लिहून ठेवावें. दिवाळींत भिंत कोरडी झाली म्हणजे हें कोणासच आठवत नाहीं.

आश्विनांत दिवाळीच्या सफाईबरोबर चौकटींवर वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत काय तें पहावें. खिडक्यांचे गज घासून गंजरोधक रंग द्यावा. विजेची जोडणी व तिची जमिनींतली तार जाणत्याकडून तपासून घ्यावी.

पौष-माघांत, हवा कोरडी असतांना, टिपून ठेवलेली सारी गवंडीकामें उरकावीं.

चिरांविषयीं वेगळें सांगतों. गिलाव्यावर केसासारख्या जाळीदार रेघा दिसल्या तर भिण्याचें कारण नाहीं. पण खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनीं गेलेली, किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंस दिसणारी चीर ही दुखण्याची खूण आहे. ती बुजविण्यापूर्वीं तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोंकांस सिमेंटनें चिकटवावी व शेजारीं तारीख लिहावी. काच फुटली तर चीर अजून चालती आहे. मग गवंड्यास नव्हे, इंजिनियरास बोलवावें. ही काच विकत घेण्यास मला दहा रुपयेहि पडले नसते.

शेवटीं पैशाची गोष्ट. बांधकामाच्या खर्चाच्या शेंकडा एक इतकी रक्कम दरवर्षीं घरासाठीं बाजूला टाकावी, असा माझा हिशेब आहे. चोवीस लक्षांवर वर्षाचे चोवीस हजार, म्हणजे महिन्याचे दोन हजार. अगदीं समुद्रालगत घर असेल तर शेंकडा दीड धरावें, म्हणजे तीन हजार. एखाद्या वर्षीं खर्च निघाला नाहीं तर ती शिल्लक नव्हे. घराचें आपणांकडे राहिलेलें देणें आहे. पांच वर्षांत एक लक्ष वीस हजार जमतात, आणि बाहेरचा रंग, गच्चीची दुरुस्ती किंवा मोडलेला पंप यांसाठीं कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं. याखेरीज विमा उतरवावा. 'भारत गृह रक्षा' या नांवाची ठराविक नमुन्याची पॉलिसी विमा कंपन्या १ एप्रिल २०२१ पासून देतात. तींत आग, वादळ व पूर यांबरोबर भूकंपहि येतो. विम्याची रक्कम घर पुन्हा बांधण्यास जो खर्च येईल त्यावर धरावी. जागेची किंमत तींत मिळवूं नये. जमीन कोठें जात नाहीं.

एवढें ऐकून माझ्या विद्यार्थ्यानें वहींतले हत्ती व कमळें स्वतःच्या हातानें खोडलीं, आणि त्या जागीं 'तीन पट्टे, कोपऱ्यांतील सळ्या' असें लिहिलें. त्याच्या पत्नीनें दरमहाचे दोन हजार आपल्या घरखर्चाच्या वहींत दुधाच्या कलमाच्याहि वर मांडले. मीं लाल पेन्सिलीनें खालीं 'उत्तम' असा शेरा दिला.

मंडळी निघतांना सौभाग्यवतींनीं त्यांना स्वयंपाकघरांत नेलें. ती त्रिकोणी भिंत आम्ही उतरवून तिच्या जागीं हलक्या पत्र्याचा आडोसा केला आहे. खालच्या भिंतीवर एक लहान चीर उरली आहे, तिच्यावर काचेची पट्टी आहे व शेजारीं माझ्या अक्षरांत तारीख आहे. "दर महिन्याला मी पुसते आणि पाहतें," ती त्या मुलीस म्हणाली, "यांच्यावर सोडीत नाहीं." काच अद्याप शाबूत आहे.

पुढील महिन्यांत विहीर व पिण्याचें पाणी यांविषयीं लिहीन.