निवडुंगाचा पतंग : तिथला मित्र, इथला शत्रू

जैविक कीड नियंत्रणाच्या प्रशिक्षणात कॅक्टोब्लास्टिस कॅक्टोरमचे नाव हमखास निघते आणि गोष्ट ऑस्ट्रेलियातच आटोपते. पुढचा भाग काटेविरहित निवडुंग चाऱ्यासाठी लावणाऱ्यांच्या कामाचा आहे.

अर्जेंटिना, पराग्वेच्या कोरड्या पट्ट्यातला हा मातकट पतंग. मादी अंड्यावर अंडे चिकटवून बारीक काडी रचते. लांबून ती काटाच वाटते. एका काडीत साधारण ७० ते ९० अंडी. अळ्या एकाच भोकातून फड्यात घुसतात. एकटीदुकटी अळी पाझरणाऱ्या चिकट रसात अडकून मरते. जमावापुढे त्या रसाचे काही चालत नाही. मग नारिंगी अंगाच्या, काळ्या पट्ट्यांच्या या अळ्या गर फस्त करतात आणि फड्याची नुसती साल उरते.

१९२५ मध्ये अॅलन डॉड यांनी अर्जेंटिनातून सुमारे २,७५० अंडी ऑस्ट्रेलियाला नेली. तेव्हा तिथे सुमारे सहा कोटी एकर जमीन निवडुंगाखाली गेली होती. १९२६ पासून पतंग रानात सोडले आणि सात-आठ वर्षांत बहुतेक दाट जाळ्या आडव्या झाल्या. बूनार्गा गावाने सभागृहालाच या पतंगाचे नाव दिले.

ऑस्ट्रेलियात निवडुंग परका होता, म्हणून हे निभावले. १९५७ मध्ये हाच पतंग कॅरिबियनमधल्या नेव्हिस बेटावर सोडला गेला. तिथून बेटामागून बेट घेत १९८९ मध्ये तो फ्लोरिडात आणि २००६ मध्ये मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर पोहोचला. मेक्सिकोत निवडुंग म्हणजे भाजी, फळ, चारा आणि राष्ट्रध्वजावरचे चिन्हही! सरकारने बाधित झाडे काढली, कामगंध सापळे लावले, वंध्य पतंग सोडले. २००९ मध्ये कीड संपल्याचे जाहीर झाले.

आपल्याकडेही असाच एक जुना मित्र आहे. फड्या निवडुंग आटोक्यात आणायला १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनील कीटक आणला गेला आणि त्याने काम चोख केले. त्याच जातीने २०१४ नंतर मोरोक्कोतल्या निवडुंगाच्या बागा उजाड केल्या.

तेव्हा चाऱ्याचा निवडुंग वाटणाऱ्या संस्थांनी आणि कृषी अधिकाऱ्यांनी फडे गाडीत भरण्याआधी तपासावेत. कोचिनीलचा असू शकेल असा कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर तो चिरडून पाहावा. लाल रस आला तर तो लॉट जागीच थांबवावा. नवे फडे काही आठवडे वेगळे ठेवावेत आणि कुठल्या प्लॉटचे फडे कुठे गेले, याची नोंद वाटपाच्या यादीतच असावी. रोपवाटिकांना अनुदान देताना ही अट घालणे अवघड नाही.