कचऱ्याच्या वेळापत्रकाखालचं ते पाकीट आज उघडा

ओसाका, कोबे, क्योतोकडच्या सगळ्या मराठी आई-बाबांनो, आज जरा स्पष्ट लिहिणार आहे. वाचताना अवघडायला होईल. मलाही लिहिताना होतंय. तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं जपानी बरं आहे, म्हणून ओळखीतले लोक दवाखान्यात बोलायला मला सोबत नेतात. गेल्या वर्षी एका मुलाचा फोन आला. चोविशीचा, इथे नोकरीला, आई-वडील महाराष्ट्रात. (त्याला विचारून, ओळख पुसून लिहितेय.) "काकू, डॉक्टरांशी फोनवरून बोलाल का?" एवढं म्हणाला आणि गप्प. नेमकं काय झालंय, हे सांगायला त्याला दहा मिनिटं लागली.

गुप्तांगावर चामखिळी आल्या होत्या. चार महिने झाले होते. या चार महिन्यांत त्याने आधी चुना लावला, कारण गावी आजी चामखिळीला चुना लावायची. मग पायाच्या कुरुपावर लावायचं औषध आणून लावलं. ते अॅसिड. नाजूक कातडी भाजली. मग आपल्याला कॅन्सर झालाय असं ठरवून रात्र-रात्र जागत बसला. आईला सांगितलं नाही, बाबांना तर नाहीच.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत निदान केलं. जपानीत याला 'सेन्केई कोन्जिरोमा' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, कधीतरी कुणाला लागेल. त्यांनी जे सांगितलं ते सोप्या भाषेत असं:

एचपीव्ही नावाच्या विषाणूचे शंभराहून जास्त प्रकार आहेत. गुप्तांगावरच्या दहापैकी नऊ चामखिळी त्यातल्या ६ आणि ११ या दोन प्रकारांमुळे येतात. हे दोन कॅन्सरवाले नव्हेत. गर्भाशयमुखाचा कॅन्सर मुख्यतः १६ आणि १८ मुळे होतो. संसर्ग कातडीला कातडी लागून होतो, त्यामुळे कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही. संसर्गानंतर चामखिळी दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, कधी त्याहूनही जास्त. म्हणून नवरा-बायकोपैकी एकाला हे निघालं की लगेच "कुठे गेला होतास?" असा खटला भरू नका. विषाणू लग्नाआधीपासूनचाही असू शकतो.

उपचार आहेत. इमिक्विमॉड नावाचं मलम आठवड्यातून तीनदा रात्री लावायचं, सकाळी धुवायचं, जास्तीत जास्त १६ आठवडे. नाहीतर डॉक्टर द्रव नायट्रोजनने गोठवतात, विजेने किंवा लेझरने जाळतात, कापून काढतात. दिवस गेले असतील तर आधी सांगायचं, मलम चालत नाही. उपचाराने चामखीळ जाते, विषाणू लगेच जात नाही, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा येऊ शकते. पुन्हा आली म्हणून घाबरायचं नाही, पुन्हा जायचं. बहुतेकांचं शरीर कालांतराने विषाणूला आवरतं. पुरुषांनी हिन्योकिका म्हणजे मूत्ररोग विभागात किंवा त्वचारोगवाल्याकडे जायचं, बायकांनी सान्फुजिन्काकडे. उपचार आरोग्य विम्यात बसतात. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणीही करून घ्यायची.

इतकंच. एवढ्यासाठी त्या पोराने चार महिने नरक भोगला.

आता मूळ मुद्दा. त्या आजाराने त्याला जेवढा त्रास दिला, त्याहून जास्त आपल्या गप्प बसण्याने दिला. आपल्या म्हणजे तुमच्या आणि माझ्या.

कारण आमच्याही घरी तेच चालू होतं. मुलगी सहावीत गेल्यावर महापालिकेकडून एचपीव्ही लसीचं पाकीट आलं. मी ते बघितलं आणि फ्रीजवरच्या कचऱ्याच्या वेळापत्रकाखाली सरकवलं. "बघू नंतर." सात महिने! पीईटी बाटल्यांचा वार चुकवला नाही, हे मात्र चुकवलं.

तुमची कारणं मला पाठ आहेत, कारण ती माझीच होती.

"आमच्या घरात तसले संस्कार नाहीत." धनुर्वाताची लस दिली म्हणून कुणाचं पोर गंजक्या खिळ्यांवर नाचत नाही. लस म्हणजे परवानगी नव्हे. आणि उद्या तुमची संस्कारी मुलगी ज्याच्याशी लग्न करेल, त्याच्या आयुष्याची हमी तुम्ही देणार आहात का?

"पण जपाननेच ही लस बंद केली होती ना?" नाही. नीट ऐका. एप्रिल २०१३ मध्ये लस नियमित यादीत आली. काही मुलींना तीव्र वेदना, झटके असे त्रास झाल्याच्या बातम्या टीव्हीवर आल्या आणि त्याच वर्षी जूनमध्ये सरकारने शिफारस थांबवली. लस मोफतच राहिली, पण घरी पत्रं येणं थांबलं. सुमारे ७० टक्क्यांवरचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं. २०१६ मध्ये ओसाकासह चार शहरांच्या न्यायालयांत खटले दाखल झाले. त्या मुलींचा त्रास खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण नागोयात सुमारे ३० हजार तरुणींच्या उत्तरांवरून अभ्यास झाला, तेव्हा लस घेतलेल्यांत ती लक्षणं न घेतलेल्यांपेक्षा जास्त आढळली नाहीत. दंड दुखतो, काहींना चक्कर येते, म्हणून अर्धा तास बसवतात. एप्रिल २०२२ मध्ये शिफारस परत सुरू झाली. मधल्या नऊ वर्षांची किंमत? आपल्याच ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांचा अंदाज आहे की २०००-२००३ मध्ये जन्मलेल्या मुलींत सुमारे १७ हजार जास्तीचे कॅन्सर आणि ४ हजार जास्तीचे मृत्यू होतील. "बघू नंतर" म्हणण्याचा हा हिशोब.

"आम्हाला मुलगा आहे, आमचा काय संबंध?" तो चोविशीचा मुलगा कुणाचा होता? ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये मुलींना लस सुरू केली. तिथल्या लैंगिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या २१ वर्षांखालच्या मुलींत चामखिळींचं प्रमाण २००७ मध्ये ११.५ टक्के होतं, २०११ मध्ये एक टक्क्याच्या खाली आलं. लस न घेतलेल्या मुलांतही ते झपाट्याने घटलं. मग २०१३ पासून तिथे मुलांनाही लस मिळू लागली. जपानच्या मोफत यादीत मुलगे नाहीत, पण काही नगरपालिका मदत करतात. आपल्या वॉर्ड ऑफिसात विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आणि लाजेचं म्हणाल, तर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाने आणि टाटा मेमोरियलने मोठा अभ्यास केला. त्यात १ लाख ३० हजारांहून जास्त बायका होत्या. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी झाली, तिथे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. शेतात राबणाऱ्या त्या बायका तपासणीला गेल्या. आपण ओसाकातल्या मान्शनमध्ये बसून कशाला लाजतोय? पुण्याच्या सीरमनेही स्वतःची लस जानेवारी २०२३ मध्ये आणली, त्यात चामखिळीचे दोन्ही प्रकार आहेत.

तर कामं तीन.

एक, पाकीट शोधा. इथे पत्ता नोंदवलेला असेल तर परदेशी मुलींनाही सहावीपासून हायस्कूलच्या पहिल्या वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत लस मोफत आहे. पंधराव्या वाढदिवसाआधी पहिला डोस घेतला तर नऊ प्रकारांवरच्या लसीचे दोनच डोस पुरतात. नंतर तीन, आणि ते सहा महिन्यांत पसरतात. म्हणजे हायस्कूलच्या पहिल्या वर्षी असाल तर सप्टेंबरपर्यंत सुरुवात हवीच.

दोन, लस झाली तरी विशीनंतर मुलींनी तपासणी करायचीच. आईनेही. आणि आधीच आलेली चामखीळ लसीने जात नाही, त्याला डॉक्टरच.

तीन, आणि हे सर्वांत अवघड. आज जेवताना मुलाला, मुलीला एवढं सांगा, "तिथे काही उठलं, दुखलं, खाजलं, तर आधी आम्हाला सांग. रागावणार नाही." आणि मग खरंच रागावू नका.

माझ्या मुलीने हे ऐकून डोळे फिरवले आणि म्हणाली, "आई, शाळेत शिकवलंय." म्हणजे अवघडलेली मी एकटीच होते.